उंच पाठींच्या आड

अमेरिकेत मुलाकडे गेले होते, तेव्हा त्याने मला तिथल्या व्यावसायिक फुटबॉलचा सामना दाखवायला नेलं. या फुटबॉलमध्ये चेंडू हातात धरून पळायचं असतं, एवढंच मला कळलं होतं. चेंडू घेऊन पळणारा एक खेळाडू इतका बुटका होता, की आपल्याच आडदांड साथीदारांमागे तो दिसेनासा व्हायचा.

"म्हणून तर कुणाला सापडत नाही," मुलगा म्हणाला.

शेजारच्या बाईंनी त्याच खेळाडूच्या नंबरचा टीशर्ट घातला होता. विचारलं, तर म्हणाल्या, "माझा मुलगा आहे. मलाही सापडत नाही."

तेवढ्यात तो पुन्हा गर्दीत घुसला आणि समोरचे पाच-सहा जण त्याच्यावर कोसळले. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. एकेक धिप्पाड देह उठून बाजूला होत होता, तरी तो दिसेना. लपला काय आणि गाडला गेला काय, आईला दोन्ही वेळा नुसत्या परक्या पाठीच दिसतात.

अखेर तो उठला आणि चालू लागला. सगळे ओरडले. मी टाळ्या वाजवायला गेले, पण मनगट सुटेना.

"अहो, उठला की तो," मी म्हणाले.

"हो," मैदानावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "पण अजून अर्धा खेळ बाकी आहे."