पाझर तलावातला खेकडा आणि आमचे साडू

खेकड्याला रश्शात टाकण्याआधी त्याची रीतसर ओळख करून घेणारा अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच गृहस्थ असेल, आणि ते आमचे थोरले साडू आहेत. दौंडच्या कॉलेजात आयुष्यभर जीवशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण खेकडा दिसला की हात अजूनही आपोआप पुढे जातो आणि त्याला उलटा करतो. एकदा आठवडी बाजारात त्यांनी एका बाईची अख्खी पाटी अशी उताणी मांडली आणि खिशातलं भिंग काढून एकेकाच्या पोटाकडे बघत बसले. बाई आधी घाबरली, मग वैतागली. "आवो दादा, घ्यायचं असलं तर घ्या, न्हाईतर त्यांची लाज तरी झाका," म्हणाली. साडूंनी एकेक खेकडा सरळ केला आणि तिची मनापासून माफी मागितली.

खेकड्याची पाठ बघून काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. पाठ सगळ्यांची सारखीच मळकट. नराच्या पोटाखाली, दुमडलेल्या शेपटीआड, काडीसारख्या अवयवांची एक जोडी असते. तिचं टोक कसं वळलंय त्यावर प्रजाती ठरते. मादीवरून ठरवायला जाऊ नये. हे ज्ञान त्यांनी मला भांडगावला एका लग्नाच्या पंगतीत, पानात श्रीखंड पडत असताना दिलं. शेजारी बसलेले नवरीचे मामा आपलं ताट उचलून पलीकडच्या रांगेत गेले. घरी शोकेसमध्ये कपबशा नाहीत, स्पिरिटात बुडवलेले खेकडे आहेत. मेव्हणी म्हणते, "आमच्यात पाहुणे दुसऱ्यांदा येत न्हाईत, तेवढाच आराम."

पण त्यांचा खरा जीव गुंतला होता तो कारेगावच्या पलीकडच्या एका पाझर तलावात. कंपनीत जाणाऱ्या पोरांच्या भाड्याच्या खोल्या संपल्या की तो तलाव लागतो. तिथले खेकडे लिंबाएवढे, आणि नराच्या त्या काडीचं टोक सुईसारखं सरळ. असं टोक कुठल्याच पुस्तकात नव्हतं. साडूंनी बारा वर्षं त्या तलावाच्या वाऱ्या केल्या. बिळात हात घालून खेकडा काढण्याचं कसब तलावाकाठच्या गावातल्या एका म्हाताऱ्या आबांकडे होतं. साडूंनीही एकदा हात घातला, तर आतल्यानं बोट असं धरलं की यांचे डोळे पांढरे झाले. तरी हे ओरडले ते "सोडवू नका आबा, आधी नर हाय का बघा!" असं. त्या दिवसापासून आबांनी त्यांना बिळाजवळ फिरकू दिलं नाही. "सर, तुम्ही बांधावर बसायचं. लागत्याल तेवढी मी देतो," म्हणाले, आणि साडूंच्या बाटल्या भरून देत राहिले. प्रजाती नवी ठरली तर तिला तुमच्या गावाचं नाव देईन, असा शब्द साडूंनी त्यांना दिला होता.

मागच्या वर्षी पुण्याच्या एका तज्ज्ञ बाईंनी फोटो पाहून कळवलं की खेकडा वेगळा वाटतो खरा, शोधनिबंध पाठवा. साडूंनी तो लिहून काढला. सोमवारी पाठवायचा होता. गावाला तेवढीही वाट पाहवेना. गावकऱ्यांनी आदल्या रविवारीच साडूंचा सत्कार ठेवला. मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. वेशीत भला मोठा फ्लेक्स होता, त्यावर साडूंचा फोटो आणि शेजारी लालभडक खेकडा. साडूंनी स्कूटर थांबवायला लावली, बारकाईनं बघितलं आणि पुटपुटले, "हा समुद्रातला हाय." पण चेहरा लग्नातल्या नवऱ्यासारखा फुलला होता.

कार्यक्रमाला वेळ होता, म्हणून आबांनी आम्हाला आपल्या घरी नेलं. जेवणाचा बेत खेकड्याच्या रश्शाचाच होता. चुलीमागं पाटीत नांग्या मोडलेले खेकडे होते, काही तळहाताएवढे. साडूंचा हात सवयीनं गेला.

"हे नदीवरचे का आबा?"

"न्हाई वो सर, आपल्याच तळ्यातलं. खालच्या खोल बिळातलं."

"मग मला एवढा कवा दिला न्हाई तुम्ही?"

"तुमच्या बाटलीच्या तोंडातनं जाणार कसा?" आबा हसले. "तुमाला तरास नको म्हणून बारकीच निवडून द्यायचो. मोठी आमी खायचो."

साडूंनी परात मागितली. पाटीतले नर निवडून त्यांनी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं उताणे मांडले आणि भिंग लावलं. पहिल्याचं टोक सरळ होतं. तिसऱ्याचं किंचित कललेलं. शेवटच्या मोठ्याचं आकड्यासारखं वळलेलं, थेट पुस्तकातल्या चित्रासारखं. मला भिंग देऊन ते बाजूला झाले. मीही पाहिलं. बारा वर्षं ते पिल्लांचा अभ्यास करत होते. नवी प्रजाती नव्हतीच. जुन्याच खेकड्याचं ते बाळपण होतं.

मी हळूच म्हणालो, "आजचा दिवस जाऊ द्या. उद्या सावकाश बघू." त्यांनी ऐकलंच नसावं. मांडवात शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, आणि ते माईकसमोर उभे राहिले.

"मंडळी, तुमच्या तलावातला खेकडा नवा न्हाई. तो जुनाच हाय. मी पिल्लं बघून निकाल दिला. चूक माझी हाय."

सरपंच माईकपाशी वाकून कळवळून म्हणाले, "सर, जेवणं झाल्यावर सांगितलं असतं तरी चाललं असतं की." आबा मात्र उठून उभे राहिले होते. त्यांना उमगलं होतं. "सर, माझ्यामुळं झालं का वो?"

"न्हाई आबा," साडू म्हणाले, "तुमच्यामुळं आज कळलं. न्हाईतर उद्या मी चुकीचं छापून बसलो असतो." बाटलीच्या तोंडाचा त्यांनी तिथे शब्दानं उल्लेख केला नाही. मी पुढच्या रांगेत बसलो होतो. या माणसाची मी वीस वर्षं थट्टा करत आलो होतो. त्या क्षणी मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि नुसतंच टाळ्या वाजवत बसल्याची अजून लाज वाटते.

परतताना ते स्कूटरवर मागून एकदम म्हणाले, "काय नर होता हो साडूबुवा! एवढा पूर्ण वाढलेला मी त्या तळ्यात पहिल्यांदा बघितला."

घरी पोचल्यावर त्यांनी पाणीही घेतलं नाही, बाटल्यांतल्या चिठ्ठ्या बदलायला काढल्या. प्रत्येकीवर त्यांनी गावाचं नाव जोडून त्या खेकड्याचं नवं नाव लिहून ठेवलं होतं. "चुकीच्या नावानं ठेवायचं न्हाई कुणाला," म्हणाले. पेन्सिल मी घेतली. ते जुनं, लांबलचक लॅटिन नाव अक्षर अक्षर सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. मेव्हणी शेजारी बसून एकेक बाटली पुसून देत होती. शेवटच्या चिठ्ठीला त्यांना नाव सांगावं लागलं नाही. मला ते एव्हाना पाठ झालं होतं. मी न विचारताच लिहून टाकलं.