आल्माझचा शुक्रवार, आत्याची एकादशी

आमच्या घरी मोठे निर्णय जेवून घेतले जातात. कर्वेनगरातला आमचा फ्लॅट बाबांनी घेतला, तो आधीच्या मालकीणबाईंनी आग्रहाने वाढलेलं थालीपीठ खाऊन. (गच्चीवरची टाकी गळते हे राहायला आल्यावर कळलं. थालीपीठ मात्र उत्तम होतं, असं बाबा अजूनही म्हणतात.) त्यामुळे इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, एका शाळेत गणित शिकवायची दोन वर्षांची नोकरी मला मिळाली, तेव्हा बाबांनी नकाशा काढला नाही की विमानांची चौकशी केली नाही. ते म्हणाले, "आधी तिथलं जेवून बघू."

मला जायचं होतं. किती जायचं होतं हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मी सहसा कुणाला काहीच सांगत नाही. इंग्रजी माध्यमात शिकल्यामुळे मला दोन भाषांमध्ये गप्प बसता येतं. नोकरीची मुलाखत कॉम्प्युटरवर झाली म्हणून निभावली. पडद्यासमोर मी छान बोलते. समोर जिवंत माणूस आला की अडचण होते.

आईची भीती नेमकी हीच होती. लग्नाच्या पंगतीत मठ्ठेवाला माझ्या पुढून जातो, मी त्याच्याकडे आशेने बघते, तो निघून जातो, आणि मी मठ्ठ्याशिवाय मसालेभात संपवते. हे तिने वर्षानुवर्षं पाहिलंय. सख्ख्या मावशीकडेसुद्धा मी दुसऱ्यांदा वाढून घेत नाही. "तिथे काय मिळतं याची मला काळजी नाही," आई बाबांना म्हणाली. "हिला भूक लागली तर ही कुणाला सांगणार? आणि सांगितलं तरी त्या माणसाला ऐकू जाणार का?"

ठरलं असं की विमाननगरला एका बंगल्याच्या तळमजल्यावर इथिओपियन जेवण मिळतं, तिथे सगळ्यांनी जायचं, मी कशी जेवते ते बघायचं आणि मग बोलायचं. सगळ्यांनी म्हणजे आत्यानेही. आत्या ही बाबांची मोठी बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका, मुक्काम नारायण पेठ. तिच्या होकाराशिवाय बाबांनी आजवर पडदेसुद्धा बदललेले नाहीत. विमाननगर हाच तिच्या मते परदेश होता. तिथून पुढे किती जायचं हा नुसता तपशील.

पण बाबांनी जो शुक्रवार ठरवला त्या दिवशी एकादशी निघाली. उपासाच्या बाबतीत नारायण पेठेत आत्याला प्रतिस्पर्धी नाही. तिने येणार नाही म्हणून सांगितलं. बाबांनी दिवस बदलायला त्या रेस्टॉरंटला फोन केला आणि पलीकडच्या बाईंशी बराच वेळ इंग्रजीत बोलले. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"ताईला सांगा, प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "शुक्रवारी त्यांच्याकडे सगळं उपासाचंच असतं. दुसरं काही करतच नाहीत."

आत्या हे ऐकून इतकी खूश झाली की निघायच्या वेळेआधीच रिक्षाने आमच्या दारात हजर झाली. वाटेत तिने आम्हाला समजावलं की ती संस्कृती फार प्राचीन आहे आणि तिकडे एकादशी पाळत असतील तर त्यात नवल नाही. आपल्याकडच्या साबुदाण्याऐवजी ते काय घालत असतील याबद्दल ती आणि आई येरवड्यापर्यंत चर्चा करत होत्या. मला थोडी शंका आली होती. मी ती नेहमीप्रमाणे मनात ठेवली.

आल्माझ ही त्या रेस्टॉरंटची मालकीण. उंच, पांढऱ्या सुती कपड्यातली, मंद हसणारी बाई. तिने आम्हाला वेताच्या एका उंच परडीभोवती बसवलं. ती परडी म्हणजेच टेबल हे आम्हाला कळेपर्यंत आईने त्यात पर्स ठेवली होती. मग आलं एकच ताट, चौघांत मिळून, गाडीच्या चाकाएवढं. त्यावर पसरलेली भली मोठी, जाळीदार, आंबूस वासाची पोळी, म्हणजे इंजेरा. आपल्या आंबोळीची थोरली बहीण म्हणा. आणि तिच्यावर रंगीबेरंगी ढीग.

"एकाच ताटात?" आई कुजबुजली.

आत्याने प्रश्न निकालात काढला. तिने बोटाने इंजेऱ्यावर सीमारेषा आखल्या, आपला तुकडा कोणता ते दाखवलं आणि बाबांना हद्दीत राहायला सांगितलं. मग तिने चष्मा लावून आपल्या वाट्याला आलेल्या मालमत्तेची पाहणी केली. आणि तिचा हात थांबला.

"हे पिठलं आहे," ती म्हणाली.

ते शिरो होतं. हरभऱ्याच्या पिठाचं. म्हणजे पिठलंच. शेजारी लालभडक मसुराची आमटी. पलीकडे कोबी, गाजर, बटाट्याची भाजी, हळदीने पिवळीधमक. एकादशीला जे जे चालत नाही ते सगळं कुणीतरी यादी करून एका ताटात मांडलं होतं.

आत्या माझ्याकडे वळली. "तिला विचार, हे उपासाचं आहे ना?"

मला का विचारायचं, बाबा बसले होते की! पण बाबा अचानक परडीचं विणकाम बघण्यात गढून गेले होते. मी इंग्रजीत विचारलं. आल्माझ अभिमानाने म्हणाली की अगदी कडक उपासाचं आहे, मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, तुपाचा तर थेंबही नाही. मी तसं सांगितलं.

"तूप नाही? अगं, तूपच चालतं! डाळ चालत नाही. हिला उलटं कुणी शिकवलं?"

मी आल्माझला सांगितलं की आत्यांना तुमची पद्धत फार वेगळी आणि सुंदर वाटली.

आल्माझने मान झुकवली आणि विचारलं की मग या बाई उपासाला खातात तरी काय. आत्याने बोटं मोजत सांगायला सुरुवात केली. साबुदाणा, वरी, दाणे, रताळी, केळी, खजूर, दूध, दही, तूप, राजगिऱ्याचे लाडू, आणि फारच गळून गेल्यासारखं वाटलं तर बर्फी. मी एकेक शब्द इंग्रजीत करत होते. (वरीपाशी अडले. वरीला "छोटा तांदूळ, पण तांदूळ नाही" म्हणाले.) आल्माझने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि हा उपास आहे?" तिने इंग्रजीत विचारलं.

"काय म्हणतेय?" आत्या.

"म्हणतेय, कठीण असतं."

"असतंच. तिला म्हणावं, बटाटा उकडून आण आणि वर दही घाल, माझं भागेल."

आल्माझ म्हणाली की शुक्रवारी तिच्या स्वयंपाकघरात दही येतच नाही, फ्रीजमध्येसुद्धा ठेवत नाही. आत्याने हे ऐकलं, खुर्चीला टेकली आणि मला म्हणाली, "मग हॉटेल कशाला काढलं हिने? मठ काढायचा."

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी आल्माझला सांगितलं की आत्यांना तुमच्या जागेत फार शांत वाटतंय.

आल्माझने हातातला पाण्याचा जग परडीवर आईच्या बाजूला ठेवला. मग ती अगदी स्वच्छ मराठीत आत्याला म्हणाली, "मठ काढला असता हो मावशी. पण मग तुम्ही बटाटा कुठे मागितला असता?"

बाबांनी विणकाम बघायचं सोडलं. आईचा घास हातातच राहिला. मला परडीखाली जायचं होतं, पण ती खालून निमुळती होती.

"तू छान भाषांतर करतेस," आल्माझ माझ्याकडे वळून म्हणाली. "फक्त मावशी जे बोलतात ते त्यात नसतं."

मग कळलं की ती पुण्यात शिकायला आली होती आणि कितीतरी वर्षं शनिवार पेठेत एका आजींकडे भाड्याने राहिली होती. त्या आजींमुळे आपल्याला टोमणा आधी कळायला लागला, भाषा नंतर, असं तिने सांगितलं. हे सगळं तिने अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं. आत्याने तिला नीट निरखलं, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बसा इथे."

पुढे जे झालं त्याला मी परिषद म्हणेन. आत्याने विचारलं, ही पोळी कसली? आल्माझने आतून मूठभर तेफ आणलं. राजगिऱ्याहून बारीक दाणा. आत्याने तो तळहातावर फिरवला, उजेडात धरला, आणि एकादशीला कुठल्या धान्याला मनाई आहे त्याची मनातल्या मनात उजळणी केली. तेफाचं नाव कुठेच आलं नव्हतं. "नाव घेतलेलं नाही म्हणजे मनाई नाही," तिने निर्णय दिला. आल्माझने मीठ-मिरची घालून बटाटे परतून आणले, हळद नाही, तूप नाही. दोन्हीकडच्या देवांना चालेल असं त्या स्वयंपाकघरात बहुधा एवढंच होतं, आणि आत्या ते चवीने जेवू लागली.

जेवताना दोघींनी उपासांचा हिशोब मांडला. आत्याने एकादश्या, चतुर्थ्या, सोमवार, श्रावण असं सगळं पुढे केलं. नारायण पेठेत एवढ्यावर समोरचा माणूस हात जोडतो. आल्माझने ऐकून घेतलं आणि आपले सांगितले. दर बुधवार, दर शुक्रवार, ईस्टरआधीचा तो लांबलचक उपास, नाताळच्या आधीचा, आणखी कसले कसले. वर्षातला निम्म्याहून जास्त काळ होत होता. आणि त्यात बर्फी नव्हती.

आत्या कधी हरलेली मी पाहिली नव्हती. हरल्यावर ती इतकी छान दिसत असेल अशी कल्पनाही नव्हती. तिने बोटं पुसली आणि बाबांना म्हणाली, "पाठव हिला. तिथे ही उपाशी राहिली तरी पुण्य लागेल."

"वन्सं, थट्टा नको," आई म्हणाली. तिचा आवाज कातर झाला होता. "ती मगाशी बोलली ती तुमच्यासाठी. स्वतःसाठी ही एक शब्द बोलत नाही. तिथे कोण आहे हिच्याकडे बघायला?"

आल्माझ उठता उठता थांबली. मग बाबा माझ्याकडे वळले. त्यांनी मला इतकं थेट क्वचितच काही विचारलं असेल.

"मनू, तुला स्वतःला जायचंय का? एवढे दिवस आम्हीच बोलतोय. तू सांग."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. आठवडाभर रोज आंघोळ करताना मी त्याची तालीम केली होती. आई, मला भीती वाटते पण मला जायचंय, इथून सुरू होऊन ते बरंच पुढे जात होतं. मी श्वास घेतला, तोंड उघडलं.

आणि आल्माझने त्यात घास घातला.

त्यांच्याकडे तशी रीत आहे. प्रेमाच्या माणसाला आपल्या हाताने घास भरवायचा, आणि घास जितका मोठा तितकी माया जास्त. आल्माझची माझ्यावर एवढी माया कधी जडली कोण जाणे! इंजेऱ्यात मसूर आणि शिरो गच्च भरून तिने लिंबाएवढा गोळा केला होता. तो नाकारायचा नसतो, आणि नाकारायला तोंड मोकळं नव्हतंच. आयुष्यात पहिल्यांदा मला खूप बोलायचं होतं आणि जिभेला हलायला जागा नव्हती.

त्या मसुरात बेरबेरे नावाचं त्यांचं तिखट असतं. ते आधी काही करत नाही. मग एकदम करतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"बघा," आई म्हणाली, "रडतेय ती. तिला जायचंच नाहीये."

मी जोरजोरात मान हलवली.

"नाही म्हणतेय बघा."

"अगं, जायचंय म्हणून रडतेय," आत्या म्हणाली. "सासरी जाताना तू नव्हतीस रडलीस? परत फिरलीस का?"

बाबा एकदा आईकडे, एकदा आत्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. घास कसाबसा खाली गेला, पण जीभ वळत नव्हती. कान पेटले होते. मी पुढे वाकले, ताटातून इंजेऱ्याचा मोठा तुकडा फाडला आणि कुणी न सांगता तोंडात घातला. मग दुसरा. तिसरा घेताना मी आत्याच्या सीमारेषा ओलांडून थेट तिच्या हद्दीतला घेतला.

आई बघतच राहिली. परक्या ठिकाणी, कुणी आग्रह न करता, मी आपल्या हाताने परत परत वाढून घेतेय, हे दृश्य तिने कधी पाहिलं नव्हतं. मग तिने पदराने माझे डोळे पुसले आणि बाबांना म्हणाली, "अहो, जाऊ दे तिला. करेल ती सगळं."

पुढच्या महिन्यात मी निघतेय. त्या संध्याकाळी माझ्यात अचानक धीटपणा कुठून आला, हे आई आता येईल त्या प्रत्येकाला रंगवून सांगते, आणि मी शेजारी बसून खाली बघत असते. पाण्याचा जग आईच्या कोपराशी होता, आणि तो इकडे कर अशी नुसती खूण करायचीसुद्धा मला लाज वाटली, म्हणून तोंडाची आग मी इंजेऱ्याने विझवली, एवढंच काय ते झालं होतं.