नसरीनच्या मागे लातूरला: फेलोशिप शोधायला केलेला प्रवास

आमच्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर एक पोस्टर आलं. 'विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन निधी व संधी', लातूरच्या एका कॉलेजात एक दिवसाची कार्यशाळा. खाली वक्त्यांचे फोटो, आणि त्यात दुसरा फोटो नसरीनचा. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. मीही एक टाळी टाकली आणि फोन पालथा ठेवला.

नसरीन धर्माबादची, मी बिलोलीची. नांदेडला एमएस्सीला आम्ही एकाच खोलीत राहायचो. आता ती बंगळुरूच्या एका मोठ्या संस्थेत पूर्ण फेलोशिपवर बॅटरीचं संशोधन करते. मी नांदेडातच पीएचडी करते, फेलोशिपशिवाय. संध्याकाळी दहावीच्या शिकवण्या घेते आणि त्यावर खोलीभाडं निघतं. माझा विषय बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड. आमच्या भागातल्या कित्येक मुलांच्या दातांवर पिवळे पट्टे दिसतात ते त्यामुळेच. शेतातल्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, जाळून केलेला कोळसा तुरटीच्या पाण्यात भिजवला की तो हे फ्लोराइड बऱ्यापैकी धरून ठेवतो, एवढं मी दाखवलंय. पण का धरतो, हे सांगायला जे यंत्र लागतं ते आमच्याकडे नाही, आणि बाहेर तपासून घ्यायला पैसे नाहीत.

तरी मी लातूरला गेले ते निधी शोधायला, असं म्हणणं खोटं ठरेल. नसरीनला लोक काय विचारतात आणि ती कुठं अडखळते, ते मला बघायचं होतं.

नांदेडहून लातूरला जायचं तर सरळ एसटी घ्या. रेल्वे आहे, पण ती परभणी-परळीचा वळसा घालते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे सकाळची गाडी बायकांनी भरलेली असते. थोडं लवकर जाऊन खिडकी पकडा. लोह्याच्या पुढे दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि तूर, मधूनच माळ, मधूनच रस्त्याचं काम आणि धुरळा. अहमदपूरला गाडी थांबते तेव्हा स्टँडबाहेरच्या गाड्यावरची भजी खा, चहा मात्र लातूरसाठी राखून ठेवा.

शेजारी चाकूरला माहेरी निघालेल्या एक मावशी होत्या. त्यांनी माझी बॅग पाहिली.

"काय करता बाई तुम्ही?"

"पीएचडी करते."

"म्हंजे अजून शिकूनच राहिल्या?"

"हाव."

"आन् सरकार पैसे देतंय का त्याचे?"

"काहींना देतं."

"तुम्हाला?"

मी खिडकीबाहेर बघू लागले. मावशींना उत्तर कळलं असावं, कारण त्यांनी डब्यातली शेंगदाण्याची पोळी माझ्यापुढे धरली.

लातूरात शिरताना भिंतीभिंतीवर क्लासच्या गुणवंतांचे फोटो असतात, त्यांच्या मार्कांसकट. पोटात आधीच जळत असलेल्या माणसाने या शहरात जरा जपून यावं. नसरीन कॉलेजच्या फाटकाशीच उभी होती. नवा चष्मा, साधाच सलवार-कमीज, पण ओढणी अशी टाकलेली की जणू ती कायम स्टेजवरच असते.

"सुवर्णा! मला वाटलं तू येतच न्हाईस."

"आले की," मी म्हणाले. तिनं मिठी मारली. मीही मारली, थोडी कमी जोरात.

सभागृह भरलेलं होतं. माझ्या शेजारी चाकूरची पल्लवी नावाची मुलगी बसली, केमिकल इंजिनिअरिंगच्या एमटेकच्या शेवटच्या वर्षाची. वही कोरी, पेन माझं. नसरीन बोलायला उभी राहिली आणि मी तिच्या अडखळण्याची वाट पाहू लागले.

ती अडखळली नाही. वाईट म्हणजे ती उपयोगाचं बोलली. तुम्हाला उपयोग व्हावा म्हणून तिचं म्हणणं इथं देते. राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी फेलोशिप हा एकच दरवाजा आहे असं समजू नका. मोठ्या संस्थांमधल्या प्राध्यापकांना प्रकल्पासाठी पैसा मिळालेला असतो आणि त्यांना माणसं हवी असतात. या जागा संस्थेच्या वेबसाइटवर कोपऱ्यात लागतात आणि थोड्याच दिवसांत जातात, म्हणून दर सोमवारी बघायचं. प्राध्यापकांना मेल लिहिताना 'आदरणीय महोदय, मला संशोधनाची आवड आहे' असं लिहाल तर कुणी वाचणार नाही. त्यांचा एक पेपर वाचा, त्यातलं तुम्हाला न पटलेलं किंवा न कळलेलं एक वाक्य लिहा, आणि मग तुमचं काम चार ओळींत. उन्हाळ्यात काही आठवड्यांसाठी प्रयोगशाळेत घेतात, त्याला अर्ज करा. परिषदेला जायचा प्रवासखर्च वेगळा मिळतो, तोही मागा. "मला किती नकार आले ते मी मोजणं सोडून दिलं," ती म्हणाली. सगळे हसले. मला हे माहीत नव्हतं.

पल्लवी दर दोन मिनिटांनी मला कोपर लावत होती. "ताई, हे प्रकल्प सहायक म्हंजे काय? त्यात पीएचडी होते का?" मी तिला सगळं समजावलं. खरं सांगायचं तर नसरीनपेक्षा नीट समजावलं, निदान मला तसं वाटलं.

शेवटी नसरीन म्हणाली, "आमच्याच संस्थेत पाणी शुद्धीकरणाच्या प्रकल्पावर एक जागा निघालीय. शेतातल्या कचऱ्यापासून गाळणी बनवायचं काम आहे. पीएचडीला जोडून घेता येतं. उद्या शेवटचा दिवस."

ही माझी जागा होती. आणि ती हिनं भर सभागृहात, दोनशे जणांसमोर माईकवर सांगून टाकली.

कार्यशाळा संपल्यावर ती मला चहाला गंजगोलाईत घेऊन गेली. लातूरला आलात तर इथं यायलाच हवं. मधोमध देवीचं मंदिर, भोवती गोल बाजार, आणि चहूबाजूंनी फुटणारे रस्ते. कापडाचा एक, सोन्याचा एक, भांड्यांचा एक. कुठून आत आलो ते हमखास विसरायला होतं. चहा सुरेख होता. मी तो थंड होऊ दिला.

"मला आधी का न्हाई सांगितलं?"

"काय?"

"त्या जागेचं. माझाच विषय हाय तो."

नसरीननं कप खाली ठेवला. "जाहिरात लागली त्या दिवशी फोन केला. दुसऱ्या दिवशी केला. त्या आठवड्यात परत केला. तू उचललास का?"

"मेसेज करायचा."

"केला. 'महत्त्वाचं बोलायचंय, फोन कर.' तू अंगठा पाठवलास."

अंगठा मी पाठवला होता, हे खरं. तिचं नाव स्क्रीनवर आलं की मला वाटायचं, हिला आणखी काहीतरी मिळालं असणार. ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

"तुला राग कशाचा येऊन राहिलाय माझा?" तिनं विचारलं. आवाजात भांडण नव्हतं.

"राग न्हाई."

"मग?"

"हेवा वाटतो," मी म्हणाले. "लई वाटतो. तुझा चष्मासुद्धा बघवत न्हाई."

ती इतकी हसली की शेजारच्या बांगडीवाल्यानं मान वळवली. "वाटू दे," ती म्हणाली. "अर्ज कर आधी."

मुक्काम तिच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे होता. खालाजान शिवणकाम करतात. मशीनवरचं कापड बाजूला सारून त्यांनी आम्हाला ते टेबल दिलं. नसरीननं माझा मजकूर वाचला आणि पहिला परिच्छेदच काढून टाकला.

"'पाणी हे जीवन आहे' कशाला? तुराट्या आणि तुरटीनं सुरू कर."

मला तो परिच्छेद आवडायचा. पण तिचं बरोबर होतं, आणि त्याचाही मला हेवा वाटला.

सकाळी खालाजाननी खिचडी-खट्टा वाढला. मसुराची खिचडी आणि तीळ-चिंचेचं आंबट पाणी. लातूर-नांदेडात कुणी आग्रह केला तर नाही म्हणू नका. "पेट भर के खाव बेटा, नोकरीचा अर्ज खाली पोटी न्हाई पाठवायचा." नांदेडहून माझ्या मार्गदर्शक सरांनी शिफारशीचा मेल पाठवला आणि अर्ज गेला. मी एकटीच दुपारच्या गाडीनं परतले.

ऑनलाइन मुलाखत झाली. बरी झाली असं मला वाटलं. ती जागा मला मिळाली नाही. ती मिळाली पल्लवीला. इंजिनिअरिंगवाली हवी होती, गाळणीचा आकार आणि पाण्याचा वेग तिला मांडता येत होता. मला त्याच प्रयोगशाळेनं सहा आठवड्यांसाठी बोलावलं: यंत्र वापरायला मोफत, हॉस्टेल त्यांचं, पगार नाही. नकाराचा आणि बोलावण्याचा मेल एकच होता.

आधी एकीचा हेवा होता, आता दोघींचा झाला. बिलोलीला गेले तेव्हा आई म्हणाली, "जायचं की न्हाई, एवढंच सांग. शिकवण्यांच्या पोरांना सांगावं लागंल." मी जाते म्हणाले. माझा कोळसा फ्लोराइड का धरतो, हे मला अजूनही समजून घ्यायचं होतं. या सगळ्यात तेवढं एक शाबूत राहिलं होतं.

बंगळुरूला न्यायच्या कोळशाच्या पुड्या बांधत असताना पल्लवीचा फोन आला, नंबर तिला नसरीननं दिला होता. तिनं तुराट्या कधी जाळलेल्या नव्हत्या. किती वेळ जाळायच्या, झाकण कधी ठेवायचं, राख न होता कोळसा कसा उरतो, हे तिला हवं होतं.

मी खाली बसले आणि तिला सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. सांगतानाही हेवा वाटतच होता.