दार का उघडले नाही

माझ्या एकुलत्या एक बालकादंबरीच्या शेवटाविषयी या शहरात जे काही लिहिले आणि बोलले गेले, ते सगळे चूक आहे. त्यातले बरेचसे अज्ञानापोटी आहे, काही सोयीपोटी. एक वाक्य मात्र निव्वळ खोटे आहे, आणि ते कादंबरीच्या प्रकाशकांनी आपल्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात स्वतःच्या सहीनिशी छापले आहे: ‘लेखकाने बालवाचकांचे हित ध्यानी घेऊन अखेरच्या क्षणी प्रमाणभाषेचा स्वीकार केला.’ लेखक त्यांच्याहून वयाने मोठा असला तरी अजून जिवंत आहे, हे लिहिताना त्यांच्या ध्यानात राहिले नसावे.

कादंबरी उद्याच्या एका शहराची होती. तिथे सगळे एकच भाषा, एकाच उच्चारात बोलतात. प्रत्येक घराच्या भिंतीत एक कर्णा बसवलेला असतो. सकाळी त्याच्यापुढे उभे राहून ‘मी आहे’ म्हणायचे. उच्चार ठरवून दिलेल्या उच्चाराशी जुळला तर दार उघडते, न जुळला तर माणूस दिवसभर आत. त्या शहरात तुरुंग नाहीत, फटके नाहीत, पोलीसही नाहीत. भविष्याच्या गोष्टी लिहिणारे आमचे लोक जुलूम दाखवायचा म्हटला की पोलादी टोप्या घातलेली माणसे आणतात. मी तसली माणसे कधी पाहिली नाहीत. सगळ्यांना एका मापात बसवणारी जी माणसे मी पाहिली, ती ‘बसा ना, चहा घेणार?’ असे विचारून कामाला सुरुवात करीत.

शेवटच्या पानावर बारा वर्षांची नायिका कर्ण्यापुढे उभी राहते आणि घरात आजपर्यंत दबक्या आवाजात बोलला गेलेला शब्द मोठ्याने उच्चारते: ‘मी हाय.’ पुढचे आणि अखेरचे वाक्य: ‘दार उघडले नाही; ती पुन्हा काही म्हणाली नाही.’ एवढ्यासाठी सारे पुस्तक लिहिले होते.

पुस्तक हाती आले तेव्हा मुलगी म्हणत होती: ‘मी आहे.’ आणि दार उघडत नव्हते.

प्रमाद कळायला व्याकरणाची गरज नाही. मुलगी हुकमाप्रमाणे अचूक बोलते आणि तरीही कोंडली जाते. मी त्याच पावली प्रकाशकांच्या कचेरीत गेलो. त्या वेळी बोललेला प्रत्येक शब्द मला आठवतो, कारण विसरण्यात माझा काही फायदा नव्हता.

“अहो, ‘हाय’चं ‘आहे’ कुणी केलं?”

“मी. बसा ना, चहा घेणार?”

“मग पुढच्या वाक्यात दार का उघडत नाही?”

“त्यावर मुलं विचार करतील. थोडा वाव ठेवावा.”

“आणि ‘हाय’ ठेवला असता तर?”

“तर पालक विचार करतील,” ते शांतपणे म्हणाले. “पुस्तक शाळांच्या यादीत लागायचंय, मास्तर. पुण्यात छापलेल्या पुस्तकात ‘हाय’? लोक म्हणतील, यांच्याकडे मुद्रितशोधक नाही!”

माणसाच्या स्वातंत्र्यावरचे पुस्तक मुद्रितशोधकाच्या अब्रूसाठी बळी द्यावे, ही कल्पना या शहराबाहेर कुणाला सुचली नसती.

समीक्षकांनी तर कमाल केली. एकाने त्या न उघडणाऱ्या दारात आज्ञापालनाचे वैफल्य पाहिले, शेवटाला ‘गूढ’ म्हटले आणि माझे अभिनंदन केले. मी त्यांना पत्र पाठवून कळवले की गूढ वगैरे काही नाही, छपाईतली लबाडी आहे. त्यांनी उलटटपाली लिहिले की लेखकाला आपल्या कृतीचा अर्थ नेहमीच कळतो असे नाही.

मग मी माझ्या परीने दुरुस्ती सुरू केली. ज्या ज्या ग्रंथालयाचा सभासद होतो, तिथली प्रत मागवून शेवटच्या पानावरचा ‘आहे’ शाईने खोडायचो आणि वर ‘हाय’ लिहायचो. तिसऱ्या ग्रंथालयात पकडला गेलो. माझे सभासदत्व गेले आणि देवघेवीच्या खिडकीवर पाटी लागली: ‘पुस्तकात दुरुस्त्या करू नयेत. स्वतःच्या पुस्तकातही.’ ग्रंथपालांविषयी माझा राग नाही. त्या साऱ्या प्रकरणात स्वच्छ मराठी तेवढी त्यांनीच लिहिली.

आता त्या शब्दासाठी मी इतका का भांडलो, याविषयीची दंतकथा. मला बोलीभाषांचा पुळका होता, असे माझे चाहते सांगतात. साफ चूक. मी पेठेतल्या शाळेत मराठी शिकवीत असे, आणि माझ्या वर्गात ‘हजर’सुद्धा चालत नसे, ‘उपस्थित’ म्हणावे लागे. खडकवासल्याच्या बाजूच्या एका खेड्यातून मामाकडे शिकायला आलेली मुलगी हजेरीच्या पहिल्या दिवशी म्हणाली, “हाय.”

मी विचारले, “कुठं दुखतंय तुला?”

वर्ग खदखदून हसला. विनोद चांगला साधला म्हणून मीही हसलो. दुसऱ्या दिवशी तिचा क्रमांक पुकारला, तेव्हा ती काही बोलली नाही. समोर दुसऱ्या बाकावर बसून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, “उत्तर नाही, म्हणजे अनुपस्थित,” आणि तशी खूण केली. सहामाहीपर्यंत रोज ती बसून राही आणि रोज मी ती गैरहजर असल्याचे नोंदवी. दिवाळीनंतर ती खरोखरच आली नाही.

कर्णा मी कल्पनेतून काढला, असे गौरवग्रंथात म्हटले आहे. कर्णा मी होतो. स्वतःविषयीचे खरे मी कधी लपवले नाही; त्यामुळे दुसऱ्यांचे खोटे सोसण्याची सक्तीही माझ्यावर नाही. तो एक शब्द मी त्या मुलीकडून हिसकावला होता आणि शेवटच्या पानावर तिला परत देत होतो. तो पुन्हा काढून घेतला गेला, आणि वर तो मीच राजीखुशीने दिला असे छापले गेले.

यंदा कादंबरीची नवी आवृत्ती निघायची ठरली. प्रकाशनसंस्था आता दुसरी आहे, संपादिका तरुण. ती नम्रपणे म्हणाली, “सर, तुमचं पटतंय मला. पण छापील प्रूफ काहीतरी हवं. गौरवग्रंथात उलटं लिहिलंय ना.”

हस्तलिखित प्रकाशकांनी केव्हाच गहाळ केले होते. मला आठवण झाली ती त्या छापखान्यातल्या जुळाऱ्याची, म्हणजे शिशाचे खिळे एकेक हाताने लावणाऱ्या कारागिराची. ते वारले त्याला बरीच वर्षे झाली. पण मंडईच्या मागे त्यांच्या मुलाचे वह्या बांधण्याचे दुकान आहे. मी गेलो. मुलगा स्वतःच साठीचा. नाव सांगताच त्याने वरच्या फळीवरून एक गठ्ठा काढला.

“अब्बा जुळवलेल्या प्रत्येक पुस्तकाचं पहिलं प्रूफ ठेवायचे,” तो म्हणाला. “तुमचं दाखवून सांगायचे, मास्तरांचा शब्द मी बरोबर लावला होता. ह, काना, य. नंतर वरून काढायला लावला.”

पिवळ्या पडलेल्या कागदावर ‘मी हाय’ छापलेले होते. समासात प्रकाशकांच्या हिरव्या शाईत ‘अशुद्ध! आहे करा’, आणि खाली सही. गौरवग्रंथातल्या सहीशी ती वळणासकट जुळते. माझी सही त्या कागदावर कुठेही नाही.

संपादिकेने कागद पाहून शब्द मान्य केला. आठ दिवसांनी तिचा फोन आला.

“सर, ‘हाय’ ठेवतोय, हंड्रेड पर्सेंट. फक्त अवतरणचिन्हांत टाकू आणि खाली छोटी तळटीप देऊ, ‘ग्रामीण रूप’ म्हणून. नाहीतर मुलांना ते हाय-बायमधलं हाय वाटेल.”

“‘मी हाय’ म्हणून कोण कुणाला हात करतं, बाई?”

ती हसली. “पण टीप असली तर बिघडतं काय?”

“एवढ्या वर्षांनी ती मुलगी आपल्या तोंडानं बोलतेय. दोन्ही बाजूंना हवालदार कशाला उभे करता? आणि खाली पंचनामा?”

मग ती म्हणाली, “काढते, सर.”

काल अंतिम मुद्रित आले. गठ्ठा पालथा करून आधी शेवटचे पान पाहिले. मी हाय. दार उघडले नाही. ती पुन्हा काही म्हणाली नाही. चिन्ह नाही, टीप नाही. मी सही केली आणि तारीख घातली, म्हणजे पुढच्या गौरवग्रंथाला अडचण पडू नये.

ती मुलगी आता साठीच्या पुढे असेल. हे पुस्तक तिच्या हाती पडेल अशी आशा मी बाळगत नाही, आणि पडले तरी तिने मला क्षमा करावी असे त्यात काही नाही. तिच्या क्रमांकापुढे मी रोज ज्या खुणा केल्या, त्या हजेरीपटावर तशाच आहेत. तिथेही सही माझीच आहे.