सुमेधचा नापास आवाज

सुमेधचा आवाज मी काल भर सभागृहात नापास केला.

तो असता तर त्यानंच दाबलं असतं ते बटण. म्हणून मी दाबलं. आणि मग माइकसमोर उभी राहून रडले. काय करणार.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुमेध कंधारचा, मी औशाची. नांदेडला कॉलेजात एकत्र शिकलो, म्हणजे एकत्र भांडलो. ते भांडण पुढं नोकरी लागली तरी फोनवर चालूच राहिलं.

ओपन सोर्सचं खूळ त्याचंच. सगळ्यांनी मिळून बनवलेलं, सगळ्यांना मोकळं असलेलं सॉफ्टवेअर. त्यात त्यानं एक काम धरलं होतं. यंत्राला मराठी ऐकायला शिकवायचं.

काम तसं सोपं. स्क्रीनवर एक वाक्य येतं, ते आपण वाचून रेकॉर्ड करायचं. मग दुसरे व्हॉलंटियर ते ऐकून 'होय' किंवा 'नाही' दाबतात. होय झालं की तो आवाज यंत्राच्या अभ्यासाला जातो. नाही झालं की बाद.

हे सगळं कशापायी? तर त्याच्या मायपायी.

"माय फोनला बोलली की फोन म्हणतो, समजलं नाही. आमची माय काय जपानी बोलायलीय का?"

असं म्हणून हसायचा. पण त्याला ते लागलं होतं, मला माहीत होतं.

आणि मग आमच्याकडचे आवाज भराभर बाद व्हायला लागले. कुणीतरी कुठंतरी बसून, नुसता आमचा हेल ऐकून, नाही दाबत होतं.

सुमेधचं डोकंच फिरलं.

"नियमात साफ लिहिलंय, हेल कुठलाबी चालतो. गोंगाट चालत न्हाई, दुसऱ्याचा आवाज चालत न्हाई. मग आपल्याला कामून बाद करायलेत? मेहरबानी नको आपल्याला. नियमात बसतंय ते घ्या म्हणावं."

स्वतः मात्र नियमाचा लई पक्का. माझ्या एका वाक्यात मागं कुकरची शिट्टी वाजली, तर ह्यानंच ते बाद केलं. वर फोन करून विचारतो,

"डाळ शिजली का मॅडम?"

असला माणूस!

गेल्या वर्षी आमच्या व्हॉलंटियरांच्या ग्रुपवर मेसेज आला. ओपन सोर्सच्या कॉन्फरन्सला कोण बोलणार?

असा मेसेज आला की आमचा अख्खा ग्रुप गुपचूप होतो. कोड लिहा म्हणा, रात्रंदिवस लिहितील. स्टेजवर या म्हणलं की एकेकाच्या घरी पाहुणे येतात.

सुमेधनं लिहिलं, "मी बोलतो."

निवड झाली. लगेच मला फोन.

"तू बी चल स्टेजवर."

"नको बाबा, माझे पाय लटपटतात."

"मी हाय ना. तू नुसती बाजूला उभी ऱ्हा."

मग डेंग्यूचं निमित्त झालं. नांदेडला ॲडमिट केलं. तिथूनही मेसेज, 'भाषण हाय, बरं व्हायलाच लागतंय.'

नाही झाला बरा.

त्याच्या नावाचं सेशन तसंच रिकामं ठेवलं गेलं. मी गेले नाही. ऐकलं फक्त.

यंदा कॉन्फरन्स लातूरला. ग्रुपवर तोच प्रश्न. तीच शांतता.

मी 'मी' असं लिहिलं आणि फोन उपडा करून पोळ्या लाटायला गेले.

तयारीसाठी म्हणून तपासायचे राहिलेले आवाज ऐकत बसले होते. आणि एकदम सुमेध.

'संध्याकाळी आम्ही तळ्याकाठी फिरायला जातो.'

त्याचाच आवाज, त्याचाच कंधारी हेल. कुणी तपासलंच नव्हतं ते. आणि वाक्य संपतंय तोवर मागून, आतल्या खोलीतून, काकू, त्याची माय.

"ए सुमेध, ताट वाढलंय की रे!"

रेकॉर्डिंग चालू आहे हे विसरून तो म्हणतो, "आलो गं माय."

आणि बंद.

किती वेळा ऐकलं ते विचारू नका.

काल एकटीच स्टेजवर चढले. त्याचं भाषण त्याच्याच भाषेत केलं. आमचा हेल म्हणजे चूक नाही, नियम वाचा आणि मग बटण दाबा, असं तोंडावर सांगितलं. बाद झालेले आवाज ऐकवले. शेवटी हे वाक्य लावलं.



म्हणलं, हेल चालतो, पण ह्यात दुसरा आवाज आहे.

पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले, "राहू द्या की हो मॅडम, एवढं एक."

"नको," म्हणलं. "मेहरबानी केलेली त्याला खपणार नाही."

आणि सगळ्यांसमोर 'नाही' दाबलं.

चहाच्या सुट्टीत उदगीरची, किनवटची मंडळी फोन काढून वाक्यं वाचत उभी होती. तू पाहायला पाहिजे होतंस रे.

ती फाईल मात्र मी आधीच फोनमध्ये ठेवून घेतली होती. आज कंधारला त्याच्या घरी बुद्धवंदना झाली, लोक पांगले. मग काकूंना ऐकवली.

त्यांनी फोन कानाला घट्ट धरला.

"ह्यो तर माझाच आवाज हाय."

"हाव काकू."

"जेवायला बोलवायलेय मी त्याला."

"हाव."

"अन् आलो म्हणलाय."

त्यांनी फोन माझ्यापुढं धरला.

"आणखी एकदा लाव गं."

सुमेध, बाद केलंय तुला. नियमानं केलंय. पटत नसेल तर ये भांडायला.

नसेल जमत, तर राहू दे. काकूंकडं मी येत जाईन.

तुला शेवटचा जय भीम, मित्रा.