फारकत झाली, मग पोरं कोणाकडे?

पूर्णगडला आगबोट किनाऱ्याला लागत नाही. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहते आणि माणसांना होडीतून तिच्यापर्यंत जावं लागतं. मी रंगूनला निघालो त्या सकाळी होडीत मी होतो, माझी पत्र्याची पेटी होती आणि सोड्यांच्या बारा गोणी होत्या. बाबा वल्ह्यावर बसले होते. आई गुडघाभर पाण्यात उभी. रडारड आमच्या घरात नाही. तिने एका गोणीच्या शिवणीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मला काय लिवता येत न्हाय. तिथं गोणी आली की शिवण बघ. निळा दोरा दिसला की समज, आय बरी हाय."

गावाला हे सांगायला नको, पण वाचणाऱ्यांत घाटावरचेही असतील. कोलंबी सोलून कडक उन्हात वाळवली की सोडे होतात. आमच्या बायका दिवसभर वाळवणावर वाकून हे काम करतात, गोणी भरतात, शिवतात, आणि आपली गोणी ओळखू यावी म्हणून प्रत्येकीचा दोरा वेगळा. आईचा निळा.

रंगूनला आम्ही कधी परदेश म्हटलं नाही. तिथे रुपया आपला होता, टपाल आपलं होतं. मुंबईचा असतो तसा मी रंगूनचा चाकरमानी. आमचे सोडे तिकडे जात, तिकडचा तांदूळ आमच्याकडे येई, आणि पावसाळ्यात अर्धं पूर्णगड रंगुनी भातावर जगे. मी ज्यांच्या वखारीत लागलो ते दाऊदचाचा पूर्णगडचेच, बाबांच्या वयाचे. ते मला आमच्या बोलीत शिव्या देत आणि हमालांना तेलुगूत. माल तोलायला को तिन नावाचा ब्रह्मी माणूस होता. 'को' म्हणजे आपण दादा म्हणतो तसं. गोणी आल्या की मी आधी निळा दोरा शोधायचो. को तिन मोडक्या हिंदुस्थानीत म्हणायचा, "आली का आईची चिठ्ठी?"

मग फारकतीची बोलणी सुरू झाली. ब्रह्मदेशाचा कारभार हिंदुस्थानपासून तोडायचा, आणि ते ठरवणार विलायतेत बसलेले लोक. मी तेव्हा संध्याकाळी एका मंडळाची पत्रकं लिहीत असे. पत्रक लिहिणं सोपं असतं, राग असला की पुरतो. मी ठळक टाइपात मथळा दिला, 'ही फारकत आम्हांला मान्य नाही', आणि खाली तांदूळ, लाकूड, तेल, सगळ्या व्यापाराचं कसं वाटोळं होईल ते मांडलं. को तिनने ते कोणाकडून तरी समजावून घेतलं. मला म्हणाला, "आमची शेतं तुमच्या हिंदी सावकारांनी गिळली. त्याची यात एक ओळ नाही." त्याचं खरं होतं. आपल्या मुलखात आपलं राज्य असावं, हे मी रत्नागिरीत बोललो असतो तर टाळ्या घेतल्या असत्या. रंगूनमध्ये ब्रह्मी माणसाच्या तोंडून तेच ऐकताना माझे कान लाल झाले. ती ओळ मी घातली नाही. ही माझी चूक, आणि ती इथे छापून ठेवतो.

पत्रकाची एक प्रत घरी धाडली होती. शाळेच्या मास्तरांनी ती वाळवणावर बायकांना वाचून दाखवली, आणि महिन्याभराने त्यांच्याच अक्षरात आईचं कार्ड आलं. त्यात एकच वाक्य: 'फारकत झाली तर पोरं कोणाकडे जातात, ते तुझ्या कागदात नाही.' मी चिडलो. देशाच्या प्रश्नावर घरगुती थट्टा कशाला, असं मला वाटलं. उत्तर दिलं नाही. उत्तर माझ्यापाशी नव्हतंच, हे कबूल करायला मला फार वेळ लागला.

पुढे एका पहिल्या एप्रिलला फारकत झाली. त्या दिवशी काही कोसळलं नाही. जकात बसली नाही, काही वर्षं बसणार नाही असं ठरलं होतं, आणि शेटलोक मला हसले. पण जकात नसली तरी हद्द आली. नव्या नोटांवर छाप आला की त्या ब्रह्मदेशातच चालतील. मालाला कागद आले: कुठला, कोणाचा, आत काय. आत काय ते बघायला धक्क्यावर गोणी उसवू लागले. बघून झालं की जाड सुतळीचे चार टाके मारून मोकळे. त्या फटींतून सोड्यांना ओल लागायची. वखारीत येईपर्यंत वासच सांगायचा काय झालं ते.

आणि निळा दोरा कुठेच दिसेना. तीन खेपा आल्या, तिन्हींत सुतळी. आई आजारी आहे, की तिच्या जागी दुसरी कोणी बसते, की त्याहून वाईट काही झालंय? सुतळीवरून काय कळणार? ज्यांनी हद्द आखली त्यांच्या ध्यानीमनी नसेल की त्यांनी एका अडाणी बाईची पत्रं फाडायला लावली.

दाऊदचाचा म्हणाले, "पुढच्या साली अर्धाच माल घेन मी. कळव गावच्या बायांना."

"तुम्हीच लिहा."

"पत्रकं तू लिवनार आणि हे मी लिवू काय?"

मी लिहिलं. सगळं, उसवलेल्या शिवणीपासून अर्ध्या मालापर्यंत. आईचं उत्तर आलं: 'मी बरी आहे. दोरा निळाच आहे. त्यांना बघायचं तर बघू दे, पण सगळी गोणी कशाला उसवायची? कोपऱ्यात हाताएवढं तोंड ठेवते.'

पुढच्या हंगामात गोणी आल्या त्या तशाच. कोपऱ्यात बटव्यासारखी ओढदोरी. एका गोणीत, त्या तोंडाशीच, निळ्या दोऱ्याचं रीळ आणि दाभण ठेवलेली. पण धक्क्यावर ते तोंड कोणाच्या लक्षात आलं नाही. सवयीप्रमाणे शिवणी कापल्या. कोपऱ्यातून बघा, असा मी धक्क्यावरच्या साहेबाकडे अर्ज केला. मग दुसरा, मग तिसरा. उत्तर एकाचंही नाही. शेवटी दाभण घेऊन मीच धक्क्यावर उभा राहू लागलो. त्यांनी कापायचं, मी तिथल्या तिथे शिवायचं. हमाल मला शिंपी म्हणू लागले.

को तिनने दोन दिवस हे बघितलं. मग म्हणाला, "अर्ज वाचतो साहेब. गोणी कापतो धक्क्यावरचा हमाल, तो आमचा ब्रह्मी. त्याला वाचता येईल असं लिही." कापडाच्या तुकड्यावर त्याने काळ्या रंगाने दोन शब्द लिहून दिले: इथून उघडा. ब्रह्मी अक्षरं गोल असतात, वळलेल्या सोड्यांसारखी.

मी विचारलं, "माझं पत्रक तर तुला पटलं नव्हतं."

"अजून पटलेलं नाही. पण माझी बायको तुझ्या आईचे सोडे कुटते. ओलसर निघाले की बोलणी मला बसतात."

तुकडा घरी पाठवला. पुढच्या खेपेला प्रत्येक गोणीच्या कोपऱ्यावर ती अक्षरं होती, निळ्या दोऱ्यात शिवलेली. को तिन पोट धरून हसला. "हे एक अक्षर डोक्यावर उभं आहे." पण हमालाने वाचलं. ओढदोरी सोडली, धक्क्यावरच्या बाबूने आत हात घालून वास घेतला, दोरी पुन्हा बांधली. वरच्या शिवणीला कोणी हात लावला नाही. जिने आयुष्यात स्वतःचं नाव लिहिलं नाही, तिच्या हातची पहिली अक्षरं ब्रह्मी निघाली.

यातून सगळं सुटलेलं नाही. दाऊदचाचा अजून पुरता माल घेत नाहीत. वाळवणावरच्या काही बायका मुंबईला गेल्या, त्या परतल्या नाहीत. ठरलेली वर्षं संपली की जकातही बसेल, आणि मी पुन्हा ओरडणार आहे. या वेळी को तिनची ओळ घालून आणि दोन्ही लिप्यांत छापून.

गावाहून विचारणा होते, कायमचा परत कधी येतोस. इथे विचारतात, परदेशी माणसा, तू अजून गेला नाहीस? दोघांनाही एकच सांगतो, मी कामावर आहे. घर म्हटलं की आता मला ती गोणी आठवते, एका किनाऱ्याला शिवलेली आणि दुसऱ्या किनाऱ्याला उघडणारी.

आई, तुझ्या कार्डाचं उत्तर राहिलं होतं. फारकत झाली की पोरं धक्क्यावर उभी राहतात, हातात दाभण घेऊन. दोरा तेवढा पाठव. माझ्याकडचं रीळ संपत आलंय.