सिस्टरांच्या कपाटातली पुस्तकं

तलासरीच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायची नोकरी लागली आणि २०१४ साली मी डहाणूत सिस्टरांच्या घरी, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. झरीच्या बाजूला पाड्यापाड्यांत बाळंतपणं करण्यात त्यांची नोकरी गेली होती. त्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू. गावात बहुतेकांना त्या ख्रिश्चन वाटायच्या. त्यांनीही ते दुरुस्त करणं केव्हाच सोडून दिलं होतं.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक कपाट होतं. त्यात प्रार्थनेची पुस्तकं, जुन्या मासिकांचे बांधलेले अंक, कीर्तनं, बायकांनी लिहिलेल्या आठवणी, आणि सगळं देवनागरीत. मी एम. ए. मराठी, आणि यातलं एक पान माझ्या नजरेखालून गेलेलं नव्हतं. मला लाज वाटली. मी एकेक पुस्तक वर नेऊन वाचायला लागले आणि वाचलेल्यावर ब्लॉग लिहायला लागले.

पहिली प्रतिक्रिया आली ती चिंचणीच्या एका मुलीची. तारापूरच्या एका कारखान्यात ती प्रयोगशाळेत काम करायची, आई सुकी मासळी विकायची. तिनं लिहिलं होतं, ‘हे पुस्तक मला वाचायला मिळेल का?’ पुढच्या रविवारी ती आलीच, सिस्टरांसाठी पिशवीभर सुका जवळा घेऊन. सिस्टरांनी पिशवी हातात घेतली, वास घेतला आणि हसल्या.

“पोरी, खवलं नसलेलं आम्हाला चालत नाही गं.”

पुढच्या खेपेला तिनं पापलेटं आणली. मग तिनंही स्वतःचा ब्लॉग सुरू केला. हळूहळू आणखी काही जण जोडले गेले. इस्रायलला स्थायिक झालेले एक निवृत्त मास्तर होते, त्यांचं मराठी पन्नास वर्षांपूर्वीचं, घडीही न मोडलेलं. पुण्याचे एक गृहस्थ होते, कॉम्प्युटरमधले, हुशार आणि हौशी. दर महिन्याला एक पुस्तक ठरायचं. ते स्कॅन करून मी सगळ्यांना पाठवायची आणि महिनाअखेरीला प्रत्येक जण आपापल्या ब्लॉगवर त्यावर लिहायचा. नियम एकच होता: जे वाचलं त्यावरच लिहायचं. सिस्टर टॅबवर प्रत्येक लेख वाचायच्या, आणि मलिद्याचं, म्हणजे नवसाच्या गोड पोह्यांचं, ताट कसं लावतात हे कुणी चुकीचं लिहिलं की जिन्याखालून मला हाक मारायच्या. ती दोन-अडीच वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती. हे लिहितानाही मला ते कबूल करणं जड जातं, कारण ती मी माझ्या हातांनी घालवली.

पुण्याचे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, ब्लॉग कोण वाचतं? फेसबुकवर ग्रुप काढू. ॲडमिनचं मी बघतो.” मी हो म्हटलं. माणसं भराभर वाढली. सुरुवातीला मी रोज आकडा बघायची, नंतर दिवसातून चारदा बघायला लागले. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना पुस्तकांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना ज्यू हवे होते ते दुसऱ्या कुणाला तरी झोडपायला. लढाऊ विमानांचे फोटो यायचे, मुसलमानांना शिव्या यायच्या आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी चिंचणीच्या मैत्रिणीचा एका जुन्या कीर्तनावरचा लेख, कुणी न उघडलेला.

मी पुण्याच्या गृहस्थांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “वाद झाला की लोक येतात. लोक आले की पुस्तकंही वाचतील. थोडा धीर धरा.” मी धीर धरला.

२०१७ मध्ये एका सोमवारी सिस्टरांनी त्या ग्रुपवर पहिल्यांदा काहीतरी लिहिलं. चारच ओळी होत्या. आमचे पूर्वज या किनाऱ्यावर आले, आम्हाला इथं कुणी त्रास दिला नाही, माझ्या आईचं बाळंतपण शेजारच्या मुसलमान बाईनं केलं, तेव्हा आमच्या नावानं कुणाला शिव्या देऊ नका.

मंगळवारी स्टाफरूममध्ये मी खालच्या प्रतिक्रिया वाचल्या. कुणी त्यांचं वय काढलं होतं, कुणी त्यांना पाकिस्तानात जायला सांगितलं होतं. एकानं लिहिलं होतं, ‘ही बाई खोटी आहे. खरी ज्यू असं बोलणार नाही.’ त्याला सगळ्यात जास्त लाईक होते.

त्यांच्यासारखी मीही ॲडमिन होते; ते काढून टाकायला मला एक मिनिट लागलं असतं. पण गुरुवारी मुंबईच्या एका कॉलेजात माझं भाषण होतं, ‘मी उभी केलेली वाचकांची चळवळ’ असा विषय. त्याच आठवड्यात ग्रुपमध्ये भांडण नको, असं मी स्वतःला सांगितलं. मी गेले, बोलले. शाल मिळाली. सिस्टरांच्या कपाटाचं वर्णन केलं तेव्हा समोरच्या दोघीतिघींनी डोळे पुसले.

शुक्रवारी दुपारी परतले तेव्हा सिस्टर ओट्यावर बसल्या होत्या.

“तुम्ही ते वाचलं होतं ना?” त्यांनी विचारलं. इतकी वर्षं त्या मला ‘तू’ म्हणत आल्या होत्या.

“हो.”

“कधी?”

“मंगळवारी.”

“आज शुक्रवार आहे,” त्या म्हणाल्या आणि संध्याकाळचे शब्बाथचे दिवे लावायची तयारी करायला आत गेल्या.

मी वर जाऊन सगळ्या प्रतिक्रिया काढल्या, प्रत्येकाला उत्तर लिहिलं. तासाभरात पुण्याच्या गृहस्थांनी मलाच ग्रुपमधून काढलं. कारण दिलं होतं: सदस्यांच्या मतस्वातंत्र्यावर गदा. इस्रायलच्या मास्तरांचं दोन ओळींचं पत्र आलं, ‘आपला स्नेह होता. आता रजा घेतो.’ चिंचणीच्या मैत्रिणीनं ब्लॉग बंद केला.

सिस्टर माझ्याशी वाईट वागल्या नाहीत. पाण्याची वेळ सांगायच्या, टपाल आलं की वर पाठवायच्या. पण कपाटाला कुलूप लागलं. पुढच्या वर्षी त्या भाचीकडे इस्रायलला जायला निघाल्या. पुस्तकं माझ्याकडे ठेवतील, अशी मला आशा होती. त्यांनी ती ठाण्याच्या एका नातेवाइकांकडे पाठवली. खोकी टेम्पोत चढवायला मी हात लावला. त्यांनी नको म्हटलं नाही, थँक्यू म्हटलं. नर्स पेशंटच्या नातेवाइकाला म्हणते तसं.

तो ग्रुप अजून चालू आहे. ‘संस्थापक’ म्हणून तिथं पुण्याच्या गृहस्थांचं नाव आहे, आणि मागे कपाटाचा फोटो, जो मी काढला होता.

२०१९ मध्ये वाणगावच्या बाजारात ती मैत्रीण भेटली. कडेवर मुलगी होती, हातात मेथीच्या जुड्या. मी म्हटलं, “मला तेव्हा काही सुचलंच नाही गं.”

“सुचलं नाही तर फोन करायचास,” ती म्हणाली. “चिंचणीहून डहाणू किती लांब आहे? मी आले असते, सिस्टरांच्या बाजूला बसले असते. तू मला सांगितलंसुद्धा नाहीस. भाषणाचे फोटो मात्र पाठवलेस.”

मी फोटो पाठवले होते हे मी विसरून गेले होते. तिची रिक्षा भरत आली होती. मुलीला सावरत ती आत बसली आणि बाजूच्या बाईशी बोलायला लागली.